वच्छलाबाईंच्या रेडिओतली गुणगुण

चिखलीच्या बसस्टँडमागे जानराव मिस्त्रीचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एकच खोली, पुढे टेबल आणि मागे खाट. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी नांदुऱ्याला दिलेली. माणूस कामात भारी चोख. इतका, की त्याच्याशी गप्पा मारायला कुणी थांबत नसे, आणि कुणी थांबत नसे म्हणून तो आणखीच चोख होत गेला.

काम तो फौजेत शिकला, जबलपूरला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली पेन्शनीवर आला आणि दुकान टाकलं. त्याच्या घराण्यानं छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. गावोगावचे पाटील-देशमुख त्याच्याकडे डोळे झाकून सेट टाकून जात, पण त्यांच्या घरी जायची वेळ आली तर जानराव ओसरीच्या पुढे जात नसे. आत या असं कुणी म्हटलंच, तर "इथंच बरं हाय" म्हणायचा.

त्या काळचे व्हॉल्व्हचे रेडिओ सात-आठ वर्षांत घूं घूं करू लागत. दोष बहुधा कंडेन्सरचा. ॲल्युमिनियमची छोटी डबी ती, आत ओलसर कागद गुंडाळलेला. तो वाळत गेला की विजेची गुणगुण थेट भोंग्यात उतरते, आवाज कितीही बारीक करा. बाजारात साडेतीनशे व्होल्टचे कंडेन्सर स्वस्त मिळत, बाकीचे मिस्त्री तेच ठोकून देत. जानराव साडेचारशेच्या खाली उतरत नसे. रेडिओ लावल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत आतला विजेचा दाब चढलेला असतो, त्यात गावातले मोटारपंप बंद झाले की वीजही चढते. स्वस्तातली डबी अशा वेळी फुटते आणि ट्रान्सफॉर्मरला सोबत घेऊन जाते. फार दिवस पडून राहिलेला कंडेन्सर तो एकदम पूर्ण विजेवर जोडतही नसे. मध्ये विजेचा दिवा जोडून, कमी दाबावर, तासभर हळूहळू जागा करी. शेवटी भोंग्याच्या कापडाला कान लावून बसे. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, की काम झालं.

एका उन्हाळ्यात अमडापूरच्या वच्छलाबाई गोधडीत गुंडाळलेला रेडिओ मांडीवर घेऊन एसटीनं आल्या. नवरा, वामनराव, चार वर्षांपूर्वी वारलेला, दोन्ही मुलं नोकरीपायी लांब. शेजारी चुलत दीर गुलाबराव, गावचे सरपंच. रेडिओ एक दिवस पेट घेईल असा त्यांनी घोशा लावला, म्हणून बाई आल्या. जानरावानं मागची फळी काढली. डबी फुगलेली, बुडातून पाझरलेली. बत्तीस आकड्याचा, म्हणजे गुणगुण पुरती गाळणारा, साडेचारशे व्होल्टचा नवा कंडेन्सर घातला, दोन दिवस चालवून पाहिला आणि सेट दिला. गुलाबराव खूश झाले. पंचायतीच्या कर्ण्याचं वर्षाचं काम याच मिस्त्रीला देऊ, असा निरोपही त्यांनी धाडला. दुकानाला त्या कामानं चांगलाच हात दिला असता.

पाचव्या दिवशी वच्छलाबाई परत आल्या. रेडिओ पुन्हा गोधडीत. जानरावानं हातातलं काम बाजूला सारलं. त्यानं सेट लावला, कान लावला. स्वच्छ.

"बिघडला नाही तो," बाई म्हणाल्या. "जुनं जे काढलं, ते परत बसवून द्या."

त्याला वाटलं, आपण जुना माल मारला असा बाईंना संशय असेल. त्यानं डबी काढून दाखवली. बाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग अडखळत सांगू लागल्या. दुपारी नागपूर स्टेशन बंद होई, पण त्या रेडिओ चालूच ठेवत. वामनराव आजारी पडले तेव्हापासून ती गुणगुण सुरू झाली होती. ते खाटेवर पडलेले आणि रेडिओ गुणगुणत असलेला. माणूस गेलं, गुणगुण राहिली. भाकरी थापताना, धान्य निवडताना ती ऐकू येई.

"घरात कोनी हाय असं वाटे," त्या म्हणाल्या. "आता दुपारी घर खायले उठते."

जानरावानं काय करावं? त्यानं कंडेन्सर समजावून सांगितला. जुनी डबी घातली तर स्फोट होईल, घूं घूं करणारा सेट माझ्या दुकानातून आजवर गेला नाही, वगैरे. सगळं खरं होतं आणि बाईंच्या काही उपयोगाचं नव्हतं.

"मंग राहू द्या तुमच्याकडंच," म्हणून त्या उठल्या आणि रेडिओ टेबलावर सोडून बसला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जानराव जेवायला बसला. बाईंचा रेडिओ लावलेलाच होता, स्टेशन बंद झालं. त्यानं आवाज बारीक केला आणि सवयीनं कान दिला. काही नाही. इतकी वर्षं याच काही-नाहीवर तो खूश होत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला आपली खोली ऐकू आली. आपण भाकरी चावतोय, तेवढाच आवाज. त्यानं ताट बाजूला सारलं. फौजेत राहून आलेला एवढा मोठा माणूस त्या दुपारी रडला, आणि रडणं ऐकायलाही कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो कामाला लागला. जुनी डबी घालणं शक्यच नव्हतं. पण व्होल्ट साडेचारशेच ठेवून आकडा कमी केला तर? धोका नाही, आणि गुणगुण मात्र गाळून निघत नाही. त्यानं सोळाचा लावून पाहिला, फारच पुसट. आठचा लावला. भोंगा हळू आवाजात गुणगुणू लागला. मुद्दाम बिघडवलेला तो त्याच्या हातचा पहिला सेट. दोन दिवस चालवून, कंडेन्सर तापत नाही ना हे हात लावून पाहून, तो स्वतः अमडापूरच्या बसमध्ये बसला.

वच्छलाबाईंनी सेट आतल्या खोलीत कोनाड्यात ठेवायला सांगितला. जानराव उंबऱ्याशी घुटमळला, मग आत गेला. व्हॉल्व्ह तापले. गुणगुण आली. बाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मिस्त्री आला हे ऐकून गुलाबराव आले. पंचायतीच्या कामाचं बोलायचं होतं. दारातच थबकले.

"हे त अजून घूं घूं करून राह्यलं, मिस्त्री."

बाईंनी डोळे उघडले. चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. नवऱ्याच्या आजारपणातला आवाज म्हातारी जपून ठेवते, हे दिराला कळलं असतं तर उद्या पारावर गेलं असतं. जानरावानं तो चेहरा पाहिला.

"मले त काही ऐकू येत नाही," तो म्हणाला. "कान गेले वाटते माह्ये."

गुलाबराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी हळहळ केली आणि कर्ण्याचं काम खामगावच्या माणसाला देऊ, असं तिथल्या तिथंच सांगून गेले. बातमीला काय, पाय असतातच. महिन्याभरात आसपासच्या चार गावांचे सेट चिखलीला यायचे बंद झाले.

पण त्या दुपारी वच्छलाबाईंनी चहा केला, घरातल्याच कपात दिला. दोघं गुणगुण ऐकत बसले. एक बस गेली, दुसरी गेली. निघताना त्या दारापर्यंत आल्या.

"पुढच्या खेपीले रेडिओ बिघडल्याबिगर या," म्हणाल्या.

जानराव "हाव" म्हणाला. त्यानंतर तो पंधरा वर्षं जगला. अमडापूरची बस रोज त्याच्या दुकानासमोरून सुटायची, आणि कितीदा तरी तो धुतलेला सदरा घालून तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. पण हातात काम नसताना कुणाच्या दारी जाऊन काय बोलायचं असतं, हे त्याला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. बस निघून गेली की तो परत येऊन सदरा काढून ठेवी.