पंधरा दिवसांचे हात

शिर्क्यांच्या घरात विकतची धुण्याची पावडर येत नसे. टीव्हीवर रोज नव्या पुड्याची जाहिरात लागे, बडोद्यात पाणीगेटच्या दुकानांतून पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या होत्या. पण शिर्क्यांच्या दोन खोल्यांत पावडर बने ती मोरीशेजारच्या प्लॅस्टिकच्या टबात. बनवी ती अहल्या.

तिचा नवरा दीनानाथ नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात होता. तिकडच्याच एका व्यापाऱ्याकडून तो महिन्याला डबाभर स्लरी, पावडरीत घालायचं आम्ल, आणी. काकवीसारखी दाट, काळपट, नाकात झोंबणारी. सोड्यात मीठ मिसळायचं, स्लरीची धार धरायची, लाकडी उलथन्यानं ढवळत राहायचं. मिश्रण तापायचं, फसफसायचं, मग भुसभुशीत व्हायचं. दोन दिवस पसरून ठेवायचं आणि चाळून डब्यात भरायचं. घाईनं वापरलेली ताजी पावडर कपड्याआधी कातडी खाते, हे अहल्या पहिल्याच वर्षी शिकली. दोन दिवस थांबलं तरी ती कातडी खायचीच, फक्त सावकाश.

"अर्ध्या पैशात महिना निघतो," दीनानाथ आल्यागेल्याला सांगे. "आपली घरची फॅक्टरी!"

ही फॅक्टरी नऊ वर्षं चालली होती. दीनानाथच्या अंगातून रंग जात नसे. त्याची बनियनं पिवळी, उशीचा अभ्रा पिवळा, आंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं. म्हणून धुणं दोनदा: आधी त्याचं, मग घरचं. शिवाय सासूबाई, मथुराबाई, यांना पांढरं म्हणजे पांढरंच लागे. "आमचे मामंजी संस्थानच्या पागेत होते," त्या म्हणत. "घोड्याच्या लिदीत दिवस जायचा, पण सदरा बगळ्याच्या पिसासारखा." हा सदरा कोण धूत असे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

अहल्येच्या पेरांची सालं निघत. तळव्यांवर भेगा पडत, कणकेत मीठ घातलं की त्या झोंबत. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दाराची कडी जशी गंजते तसे हात गंजले, एवढंच.

त्या वर्षी वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या गोळ्या पॅक करायचं नवं युनिट निघालं. बायका घेत होते. त्यांची बस पाणीगेटच्या नाक्यावरूनच जाई. खिडक्यांतून पांढऱ्या टोप्या दिसत. अहल्या भाजीची पिशवी घेऊन उभी राही आणि बस जाईपर्यंत हलत नसे. पगाराचं तिनं नंतर मनात आणलं. आधी मनात आलं ते एवढंच, की सकाळी आठपासून सहापर्यंत आपण त्या मोरीत नसू.

एके दिवशी ती बसमध्ये चढली.

युनिटची सुपरवायझर मोहना. सगळे तिला मोहनाबेन म्हणत, पण ती बडोद्याच्याच मराठी घरातली होती. तिनं अर्ज वाचला, मान डोलावली. "आता हात दाखवा."

अहल्येनं हात पुढे केले.

"अरे बाप रे. हे काय, बेन?"

"धुण्याचं आहे. घरची पावडर."

"इथं हातमोजे असतात, पण मोज्यातसुद्धा साल सुटते. साहेब तुम्हाला आत सोडणार नाहीत." मोहनानं पेन टेबलावर आपटलं. "तुमच्यासारखी लिहितीवाचती बाई मला हवी आहे. असं करा, उद्यापासून सराध बसतात, पितृपक्ष. तसंही या दिवसांत कुणी नवं काम धरत नाही. पंधरा दिवस हात सांभाळा आणि दुसऱ्या नोरत्याला, नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी, या. तोवर जागा धरून ठेवते. त्यापुढे नाही हं."

घरी अहल्येनं सगळं सांगितलं, तेव्हा दीनानाथनं तिचा हात दिव्याखाली धरला.

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही बघत होता ना रोज."

तो वरमला. वाईट माणूस नव्हता तो. दुसऱ्या दिवशी त्यानं विकतचे दोन पुडे आणले, बाजारातले महागातले, आणि स्वतःचे कपडे स्वतः धुवायला बसला.

"हात दाखवून अवलक्षण!" मथुराबाई पलंगावरून म्हणाल्या. "शिर्क्यांचा पोरगा मोरीत आणि सून तूप चोळत बसली आहे."

"आई, पंधराच दिवस," अहल्या म्हणाली.

"चालशे, आई, चालेल," दीनानाथ फेसातून म्हणाला.

अहल्या भांडी घासताना हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधी. रात्री खोबरेल लावून जुन्या मोज्यांत हात घालून झोपे. आठव्या दिवशी भेगा मिटल्या. दहाव्या दिवशी तिनं स्वतःच्या गालावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. कुणा परक्या बाईचा हात असावा तसा तो मऊ होता.

राहिल्या होत्या गोधड्या. घट बसायच्या आत घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुवायचं, तेही घरातच. धोब्याकडे टाकायचं मथुराबाईंना खपत नसे. "गावभराच्या चड्ड्यांत आमच्या देवीच्या घरची पांघरुणं?" अमावास्येआधीचा रविवार दीनानाथच्या सुट्टीचा होता. त्यानंच सगळं धुवायचं, असं ठरलं होतं.

रविवारी अहल्या भाजी घेऊन आली तर दीनानाथ बुशशर्ट घालून दारात उभा. शेजाऱ्यांकडे फोन आला होता. बदलीचा माणूस आला नव्हता, पाळी त्यालाच करायची होती.

"सगळं भिजवून ठेवलंय," तो अभिमानानं म्हणाला. "तू हात लावू नकोस. रात्री आलो की धुतो."

"कशात भिजवलंत?"

"आठ गोधड्यांना किती पुडे लागले असते, सांग? पहाटेच पावडरीचा घाणा काढला, माझ्या हातानं."

"पहाटे? आज पहाटे?"

पण बस चुकेल म्हणून तो निघालाच होता.

अहल्या मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. टबातून आंबूस वाफ येत होती. गोधड्यांचा लाल काठ पाण्यात उतरू लागला होता. मथुराबाई भिंत धरत आल्या, वाकल्या आणि बोट बुडवून ओरडल्या. "अगं, ही तर जाळते आहे! माझ्या आईच्या लुगड्यांच्या आहेत या. रात्रीपर्यंत चिंध्या होतील."

"मी पायांनी तुडवते, आई."

तिनं साडी खोचली आणि टबात उतरली. घोट्यांपर्यंत आग झाली. पण भिजलेली गोधडी पायांनी उचलता येत नाही. तिनं हातांना पिशव्या बांधल्या. पहिल्या गोधडीला त्या टिकल्या, दुसरीला फाटल्या. तिसरी ओढायला मथुराबाई स्वतःच फरशीवर बसल्या, गुडघे दुमडत नव्हते तरी.

"उठा आई, तुम्हाला नाही जमायचं."

"तू बस तुझे हात सांभाळत." हे त्या टोमण्यानं म्हणाल्या नाहीत. थकून म्हणाल्या, आणि म्हणून ते जास्त लागलं.

अहल्या दार उघडून बाहेर जाऊ शकली असती. नाक्यापर्यंत, बागेपर्यंत, कुठेही. रात्री परत आली असती तर टबात चिंध्या असत्या आणि हात शाबूत असते. तिनं दाराकडे पाहिलंसुद्धा. मग फाटक्या पिशव्या ओढून काढल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातले.

संध्याकाळी आठही गोधड्या गच्चीच्या कठड्यावर होत्या. दीनानाथ आला, खालूनच ओरडला, "वा! एकदम झकास!" वर आल्यावर त्यानं तिचे हात पाहिले. मग बराच वेळ तो बुटाची नाडी सोडत बसला.

दुसऱ्या नोरत्याला ती वाघोडियाला गेली. न जाण्याचा धीर तिच्यात नव्हता.

मोहनानं हात पाहिले, हात लावला नाही. "हे तर आधीपेक्षा वाईट आहेत."

"हो."

"काय केलंत?"

"घट होते."

मोहनानं पेन उचललं. "माझ्याकडेही होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मी बाई लावली." मग तिनं यादीतल्या एका नावावर रेघ मारली. "दिवाळीनंतर एक बॅच निघेल कदाचित. तोवर जरा सांभाळा."

"दिवाळीआधी पडदे असतात," अहल्या म्हणाली. तक्रार म्हणून नाही. माहिती म्हणून.

परतीची बस पाळी सुटल्यावर, सहालाच होती. वॉचमननं तिला फाटकाजवळच्या बाकावर बसायला सांगितलं. काचेपलीकडे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका वाकून काम करत होत्या. त्यांचे हात इथून दिसत नव्हते. अहल्येनं आपले हात पदराखाली घेतले. अजून दहासुद्धा वाजले नव्हते.