फ्रीजरमधली वाटी

गुरुवार होता. चाकणच्या कंपन्यांना सुट्टी आणि नेमकी त्याच दिवशी लाइटही नाही, हे आता आमच्या अंगवळणी पडलंय. पिंपळे गुरवच्या घरात वर्तमानपत्रानं वारा घेत मी वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होतो, तेवढ्यात संतोषचा फोन आला. "दत्ताला अटॅक आला राव. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं." असली चेष्टा करू नकोस, म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. मग तो रडायला लागला... आणि मला कळलं. दत्ता डोंगरावर जायला निघाला होता. अंगणात बूट घालायला बसला, तो उठलाच नाही.

दत्ता कुरुळीचा, जुन्या शेतकरी घरातला. मी लातूरहून पोटासाठी आलेला. एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला लागलो आणि जमलं. त्याला डोंगरांचं वेड, मला गादीचं. तरी मला आणि आमच्याच शिफ्टच्या संतोषला, महेशला त्यानं हिमालयात जायला तयार केलं. सॅकमध्ये विटा भरून तळेगावकडचे डोंगर चढायला लावले. विटांच्या ओझ्यानं मी त्याला किती शिव्या घातल्या असतील! तो नुसता हसायचा आणि माझ्या सॅकमधली एक वीट गुपचूप स्वतःच्या सॅकमध्ये टाकायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी होतो. त्याचे वडील, आबा, ओट्यावर बसलेले. काचबिंदूनं त्यांची दृष्टी कधीच गेलेली. महेश म्हणाला, "आबा, बर्फाचे भरपूर फोटो आणतो." आबा म्हणाले, "फोटू मला काय कामाचा रं? हाताला कसा लागतो, त्ये सांगा." दत्ता उठला. आत जाऊन थर्मास घेऊन आला आणि सॅकमध्ये कोंबला.

तो बर्फ मला अजून स्वप्नात दिसतो. खरं म्हणजे तेव्हाही तो स्वप्नातलाच वाटत होता. पहाटे निघालो तेव्हा आभाळ कुठं संपतं आणि डोंगर कुठं सुरू होतो, काही कळत नव्हतं. सगळं पांढरं, आणि आवाज नाहीच. कंपनीतल्या प्रेस मशीनच्या धडधडीत आयुष्य काढलेली आम्ही माणसं, त्या शांततेला बिचकलो. कुणी बोललं तरी शब्द तोंडापाशीच विरून जायचे. आपण चालतोय की नुसते तरंगतोय... पुढं दत्ताची निळी टोपी दिसायची, धुक्यात जायची, पुन्हा दिसायची. तिच्यामागं मी झोपेत चालावं तसा चालत राहिलो. वर पोचलो तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. गाइड म्हणाला, हवा बिघडतेय, लगेच उतरायचं. आम्ही फोटोला उभे राहिलो. त्या फोटोत दत्ता आहे, पण त्याची फक्त वाकलेली पाठ. हातमोजे काढून तो थर्मासात बर्फ भरत होता.

परतीच्या रेल्वेत तो थर्मास मांडीवरच. "बाळ झोपलं का, भावा?" म्हणून आम्ही त्याला पिडलं. कुरुळीला ओट्यावर झाकण उघडलं, तर आत पाणी. दत्ताचा चेहरा मला बघवेना. आबांनी मात्र बोटं बुडवली. "गार हाय की!" दत्ताच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, ते पाणी झाकण असलेल्या स्टीलच्या वाटीत ओतून फ्रीजरमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो गोळा आबांच्या तळहातावर दिला. ते बराच वेळ चाचपत राहिले.

"ह्यो आपल्या फ्रीजमधला बरफ. पन पानी तिकडलंच न्हवं?"

"व्हय आबा. तिकडलंच," दत्ता म्हणाला.

"मंग झालं तर."

तेव्हापासून ती वाटी फ्रीजरमध्येच असायची. गुरुवारी लाइट गेली की बर्फ सुटायचा, आली की पुन्हा गोठायचा. ते पाणी कुणी पीत नसे, की टाकत नसे.

त्या गुरुवारी दुपारी दत्ताला घरी आणलं. अंगणात त्याचे बूट तसेच पडलेले, एकाची नाडी बांधलेली. तोंडात घालायला शेजारच्या काकूंनी देवघरातलं गंगाजल आणलं, तर आबांनी हात आडवा केला. "त्ये न्हाई. फ्रीजमधली वाटी आना." वहिनींनी ती माझ्या हातात दिली. लाइट सकाळपासून नव्हती, तरी कडेलाच जरासं पाणी सुटलेलं. मी वाटी दोन्ही तळव्यांत घट्ट धरली. सगळे थांबले. हात बधिर झाले, पण सोडवेना. आबांनी वाटीत बोट बुडवलं, दुसऱ्या हातानं लेकाचे ओठ चाचपून शोधले आणि थेंब सोडला. "तुझंच हाय रं," म्हणाले.

परवाच्या गुरुवारी कुरुळीला गेलो होतो. वहिनींनी चहा केला. आबांनी वाटी मागवली आणि बोट फिरवून पाहिलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "कमी झालंय आबा. थोडं पाणी घालू का वरून?" "नगं," आबा म्हणाले. "त्याला दिल्यालं कमी हुनारच की." मग वाटी त्यांनी माझ्याकडं दिली. बर्फ कडेनं सुटला होता. तेवढ्यात लाइट आली, पंखा फिरायला लागला. मी वाटीवर झाकण लावलं आणि ती फ्रीजरमध्ये, तिच्या जागी ठेवून आलो.