व्याह्यांच्या बॉनेटवरचा ठिपका

देवाने माणसाला हात दिले ते गाडीवरून फिरवायला, आणि गाडी दिली ती हात फिरवून घ्यायला, अशी श्रद्धा असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. गाडी चालवतातही, हे त्यांना मान्य होतं, पण नाइलाजाने. आमच्या मुलीला बघायला ते कर्जतहून खोपोलीला आले, तेव्हा मुलीच्या आधी त्यांनी माझी गाडी पाहिली. खिशातून पातळ प्लॅस्टिकची पिशवी काढली, मोज्यासारखी हातात घातली आणि डोळे मिटून टपावरून हात फिरवला. नुसत्या बोटांना जे लागत नाही ते पिशवीतून लागतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरं आहे, मी नंतर करून पाहिलं. "पाहुणे," ते वैद्याच्या आवाजात म्हणाले, "रवा लागतोय. तुमच्या गाडीला गोवर येणार." आत पोहे निवत होते. मुलगी पसंत असल्याचं त्यांनी जाता जाता, चपला घालताना सांगितलं.

गोवर म्हणजे पांढऱ्या रंगावर उठणारे तांबूस ठिपके. हवेतून लोखंडाचा बारीक कण येतो, रंगात रुततो, दवाने गंजतो, आणि मग कितीही धुवा, हलत नाही. खोपोलीत कारखाने आणि कर्जतला रेल्वे, त्यामुळे या रोगाला आमच्याकडे तोटा नाही. व्याह्यांचं घर रुळांच्या अंगाला. घाट उतरून येणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकमधून झडलेलं सगळं लोखंड थेट आपल्याच बॉनेटवर उतरतं, असं त्यांचं ठाम मत होतं. शेतकरी टोळधाडीकडे बघेल तसे ते प्रत्येक एक्स्प्रेसकडे बघत. मग एखाद्या रविवारी उपचार. आधी एक औषध फवारायचं. लोखंड सापडलं की ते जांभळं होऊन ओघळू लागे आणि सडक्या अंड्यांचा असा वास सुटे, की आळीतल्या खिडक्या धडाधड लागत. हे मात्र बाळंतिणीच्या उशाशी बसावं तसे "ओकू दे, ओकू दे तिला" म्हणत उभे. त्यानंतर त्या कामासाठी मिळणाऱ्या मातीचा मऊ गोळा साबणाच्या पाण्यावरून अलगद सरकवायचा, म्हणजे रुतलेला कण मातीत उचलला जातो. गोळा जमिनीवर पडला की तो बाद. त्याला लागलेली खडी रंगावर ओरखडे काढते. माझ्या मुलीच्या कणकेकडेही ते त्याच नजरेने बघत आणि म्हणत, "सूनबाई, अजून थोडी मळा. ओढतेय ती." विहीणबाई म्हणायच्या, "सात जन्म हाच नवरा मागते मी, पण पुढच्या जन्मी मला बॉनेट कर म्हणावं!"

त्यांच्या घरासमोर एका ग्रिलवाल्याची शेड होती. तो आणि व्याही एकाच वयाचे, एकाच शाळेतले, संध्याकाळचा चहा एकाच बाकावर. लोखंड कापणारा आणि लोखंडाला भिणारा यांची दोस्ती कशी टिकली? तर एका रिवाजावर. ग्रिलवाला कटर सुरू करण्याआधी लोखंडी पट्टीवर हातोडीने दोनदा ठोकायचा, टण टण. ते ऐकलं की व्याही हातातला घास ठेवून धावत बाहेर येत, गाडीवर कव्हर चढवत आणि हात वर करत. मग इकडे ठिणग्या उडत. "मायला, रेल्वेला बी एवढा शिग्नल नसंल," ग्रिलवाला म्हणायचा. पण ठोकल्याशिवाय त्याने कधी कटर लावला नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. मुलीच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा सगळ्यांनी कोंडाण्याची लेणी बघायला जायचं ठरवलं. रस्ता खडीचा, म्हणून व्याह्यांनी स्वतःची गाडी माझ्या फाटकाशी लावली आणि माझी गाडी नेली. माझ्या गाडीला काही होण्यासारखं उरलेलं नाही, असं तोंडावर सांगून. चढ नको म्हणून मी घरीच राहिलो; जाताना त्यांनी कव्हर माझ्या हातात दिलं. "काही काम निघालंच तर टाका हं." दुपारी फाटकाची कडी बदलायला माणूस कटर घेऊन आला. दहा मिनिटांचं काम, म्हणून मी झोपाळ्यावरून उठलो नाही. कव्हर माझ्या मांडीवर होतं. ठिणग्या बॉनेटवर उडताना मी पाहिल्या. नंतर फडक्याने झटकलं, काही दिसलं नाही.

चार-आठ दिवसांच्या दवाने बॉनेटच्या डाव्या बाजूला गोवर फुटला. मी मुलीला भेटायला गेलो होतो, तेव्हाच व्याही शेडच्या दारात उभे होते.

"तू ठोकलं नाहीस."

"ठोकलं रं. आईशपथ."

"मग हे काय? रेल्वेचे ठिपके खसखशीएवढे असतात. हे मोहरीएवढे, कटरचे आहेत. मला शिकवतोस?"

"आरं, इतक्या वर्षांत कधी..."

"कधी ना कधी माणूस आळस करतोच!"

मी तिथेच होतो, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. मुलगी आत चहा टाकत होती. मुलीच्या बापाची चूक मुलीच्या ताटात वाढली जाते, हे ऐकत मी मोठा झालो. म्हणून गप्प राहिलो. खरं तर त्या माणसाने सुनेला शब्दानेही दुखावलं नसतं. फार तर जन्मभर मला गाडीजवळ फिरकू दिलं नसतं. बाक रिकामा पडला. टण टण बंद झालं. व्याहीच शेडच्या आवाजाचा अंदाज घेऊन कव्हर टाकू लागले. सगळा गोवर त्यांनी काढला, एक ठिपका सोडून. "तो पुरावा आहे," म्हणायचे. गंज पसरतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो मोहरीचा मसूर होईपर्यंत त्यांनी ठेवला. दर भेटीत दाखवायचे, आणि मी दर भेटीत "हो ना" म्हणायचो.

या हिवाळ्यात व्याही गेले. तेराव्यानंतर मी शेडमध्ये गेलो. ग्रिलवाला म्हातारा झालाय, काम आता क्वचितच करतो. मी सगळं सांगितलं. त्याने हातातली हातोडी खाली ठेवली.

"मी ठोकलं व्हतं, ह्ये मला ठावं व्हतं पाव्हणं," तो म्हणाला. "मला कशाला सांगताव? त्येला सांगायचं व्हतं." मग म्हणाला, "चा पिऊन जावा. बाकावर बसा. तिकडल्या अंगाला नको, ती त्येची जागा."

चहा पिऊन मी रस्ता ओलांडत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. टण टण. मी वळून पाहिलं. ग्रिलवाला कटर हातात धरून, बटण न दाबता, समोरच्या दाराकडे बघत थांबला होता. दारातून कुणी येणार नव्हतं. मी पायरीवरचं कव्हर उचललं, व्याह्यांच्या गाडीवर चढवलं, डावी बाजू नीट खाली ओढली, आणि हात वर केला.