कुंदाताईचं कोलकाता

वंदनाचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलबाहेरच्या हातगाडीवर मोसंबी निवडत होतो. ताईच्या घशाखाली दोन दिवसांपासून पाणीही उतरत नव्हतं, तरी मी मोसंबी निवडत होतो, हलकी बाजूला ठेवत होतो, जड पिशवीत टाकत होतो. "फळं राहू द्या. वर या," एवढंच माझी बायको म्हणाली. मी पिशवी तिथंच ठेवली आणि जिने चढलो... लिफ्ट समोर उघडी होती, तरी जिनेच चढलो. लवकर पोचायचं नव्हतं मला.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माझी मोठी बहीण कुंदा एकसष्ट वर्षांची होऊन गेली. पोटाचा कॅन्सर कळला तेव्हा उशीर झालेला होता. लग्न तिनं केलं नव्हतं. एका शाळेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं नोकरी केली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली आणि नंदनवनातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहिली. तिची एवढीच ओळख मी चारचौघांत देत आलो. नागपूरला मात्र ती वेगळ्याच नावानं माहीत होती. ती गेली त्या दुपारी माझ्या फोनवर तिचा तोच जुना व्हिडिओ पुन्हा फिरू लागला. या वेळी त्याखाली हात जोडलेले होते, फुलं होती, "खरी रसिक हरपली" असं लिहिलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी याच माणसांनी त्याच व्हिडिओखाली काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. आणि त्यांच्याबद्दल बोलायचा मला काहीही हक्क नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून तर लिहितो आहे.

आमचे वडील रेल्वेत होते. मोतीबागच्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून घोषबाबू राहायचे. ते मालगाडीचे गार्ड. ड्युटी नसली की ओसरीत रेडिओ लावून बंगालीतून फुटबॉलचं धावतं वर्णन ऐकायचे. ताई त्यांच्या मुलीबरोबर तिथं जाऊन बसायची. आधी तिला शब्द कळत नव्हते, नुसता आवाज चढला की तीही उभी व्हायची. मग शब्द कळायला लागले. कॉलनीत मराठी शाळेत जाणारी आणि बंगालीत भांडणारी एकटी तीच. ती अकरा वर्षांची असताना घोषबाबू आपल्या मुलीबरोबर तिलाही सुट्टीत कोलकात्याला घेऊन गेले आणि तिथं दोघींना सामना दाखवला. परत आल्यावर आईनं विचारलं, काय पाहिलं गं? काली पाहिली? हावड्याचा पूल पाहिला? ताई म्हणाली, "माणसं पाहिली." तिच्या क्लबचं नाव मी इथं लिहीत नाही. ते नाव मी तिच्यासमोर कधी नीट घेतलं नाही, आता तिच्यामागे घेऊन काय मिरवू?

नोकरी लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिनं जाहीर केलं की कोलकात्याच्या दोन मोठ्या क्लबांची लढत असते, ती पाहायला मी जाणार. वडील म्हणाले, एकटी नाही. म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या मला तिच्याबरोबर धाडलं. तिच्या सामानात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि नरखेडजवळच्या मामांच्या बागेतली पोतंभर संत्री. एवढी संत्री कशाला, म्हणून मी रायपूरपर्यंत कुरकुर करत होतो. हावड्याला उतरून, घोषबाबूंच्या भावाकडे आंघोळ करून आम्ही स्टेडियमच्या रांगेत लागलो आणि तिथं तिनं पोतं सोडलं. आत फळं नेऊ देत नसत, म्हणून रांगेतच वाटायची. पुढच्याला एक, मागच्याला एक, बंदोबस्तावरच्या पोलिसालाही एक. "नागपूर थेके एशेछि," मी नागपूरहून आले, असं प्रत्येकाला सांगायची. अर्ध्या तासात ती रांग तिच्या ओळखीची झाली. एक म्हातारे गृहस्थ तिच्यासाठी गॅलरीत रुमाल टाकून जागा धरून बसले. लाखभर माणसं एका सुरात ओरडतात तेव्हा पायाखालचं सिमेंट हलतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. पण मी मैदानाकडे कमी आणि ताईकडे जास्त पाहत होतो. घरी डोळे खाली ठेवून ताटं वाढणारी माझी बहीण तिथं पदर खोचून, मान ताठ करून, अनोळखी बायकांच्या खांद्यावर हात टाकून गात होती. तिचा क्लब हरला. ती रडली. त्या म्हाताऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी ये, आम्ही इथंच आहोत. परतीच्या गाडीत तिनं मला विचारलं, "काय गा दिल्या, आवडलं का तुले?" मी म्हणालो, "लोक पाहत होते तुझ्याकडं." नंतर तिनं मला बरोबर चल असं कधी म्हटलं नाही.

ती मात्र जात राहिली. एकटी जायची, कधी शाळेतल्या एखाद्या बाईंना पटवून न्यायची. गोव्याला गेली, केरळात गेली. तिथल्या एका गावात भाताच्या कापलेल्या शेतात सामना पाहिला, आणि यजमानांनी फणसाचे गरे खाऊ घातले, हे ती महिनाभर सांगत होती. वंदनाला सांगत होती... मी पेपर वाचत असायचो. वय वाढलं तशी नागपुरातली पोरं तिला सापडली. कामठीचा फैजान, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, त्यांचा म्होरक्या. आठ-दहा जण दरवर्षी एकत्र निघायचे. ताई त्यांची चाची. ती दशम्या करायची, ते तिची बॅग उचलायचे.

अशाच एका सामन्यात पंचानं पेनल्टी नाकारली. ताई उठून, दोन्ही हात कमरेवर ठेवून ओरडली, "काहून गा रेफ्री, डोळे आहेत का बटना?" बाजूच्या कोणीतरी तेवढंच चित्रित केलं. चार दिवसांत अख्ख्या नागपूरच्या फोनवर ते गेलं. कोणी त्याला ढोल जोडला, कोणी तिचा चेहरा बैलाला लावला. 'बटनवाली मावशी' हे नाव पडलं. म्हातारपणी चळ लागला, लग्न न झाल्याचा परिणाम, घरचे काय करून राहिले... मी सगळं वाचलं. ऑफिसात सहकाऱ्यानं मला तो व्हिडिओ दाखवला, ही कोण हे त्याला माहीत नव्हतं. तो पोट धरून हसत होता आणि मीही हसलो. हो, हसलो. ते हसू मला अजून तोंडात कडू लागतं.

त्याच सुमारास गौरीचं, माझ्या मुलीचं, ठरत होतं. मुलगा नागपूरच्याच मिहानमधल्या कंपनीत, घराणं अमरावतीचं, वडील कॉलेजात प्राध्यापक. बैठक रविवारी होती. शुक्रवारी मी वरच्या खोलीत गेलो. ताई कपड्यांच्या घड्या करत होती.

"ताई, त्यांनी पाहिलं असंल तर?" मी विचारलं.

"पाहिलं असंल तर काय? मी काय चोरी केली का गा?"

"तुले समजत नाही का? पोरीचं आयुष्य आहे."

तिनं घडी केलेली साडी उलगडून पुन्हा घडी केली. मग म्हणाली, "या वर्षी नाही जात मी."

मी तिथं थांबायला हवं होतं. पण भीती माणसाला उदार होऊ देत नाही. मी म्हणालो, "या वर्षीचं नाही ताई. आता पुरे. कायमचं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर आज बरं वाटलं असतं. "बरं," ती म्हणाली. "गौरीपेक्षा मॅच मोठी नाही. दिला शब्द तुले."

बैठक झाली, लग्न ठरलं, झालं. आणि लग्नाच्या मांडवातच माझे व्याही, ते प्राध्यापक, हात जोडत माझ्याकडे आले आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "अहो, त्या रेफ्रीवाल्या मावशी तुमच्या सख्ख्या बहीण ना? बैठकीत दिसल्या नाहीत, आधी भेट करून द्या. आम्ही तो व्हिडिओ पाहूनच म्हटलं, हे घर जितंजागतं दिसते, इथलीच सून करायची." ताई दोन पावलांवर पाहुण्यांना अत्तर लावत उभी होती. त्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला, पुढचा सामना कधी म्हणून विचारलं, मीही येतो म्हणाले. ताई हसली. "आता सोडलं जी मी ते," म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. ताई, जा तू, एवढंच. मी म्हणालो, "चला, पंगत बसून राहिली," आणि वळलो. का? आता मी स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर एकच येतं. ते वाक्य बोललो असतो तर माझी चूक झाली हे कबूल करावं लागलं असतं. भर मांडवात, वधूपित्याच्या फेट्यात ते मला जड गेलं. नंतर बोलू म्हटलं. नंतर म्हणजे चार वर्षं.

दर हिवाळ्यात फैजान यायचा. दारात उभा राहून तिला विनवायचा, तिचं तिकीट आधीच काढून आणायचा. ती त्याला चहा द्यायची, डब्यात दशम्या भरून द्यायची आणि म्हणायची, "वचन दिलं आहे बेटा." कोणाला दिलं ते तिनं त्याला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षी त्यानं मला फाटकापाशी गाठलं. "अंकल, तुम्ही एकदा बोलून पाहा ना. चाचीशिवाय मजा नाही येत. गॅलरीतले लोक विचारतात, नागपूरवाली दीदी कुठं आहे?" मी त्याला म्हणालो, "तिचीच इच्छा नाही राहिली बेटा. वय झालं." तो पोरगा मान हलवून गेला. वळून पाहिलं तर ताई ओसरीत उभी होती. तिनं ऐकलं होतं. त्या दिवशी तिनं रोजच्यासारखं मला जेवायला वाढलं.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात माझं धाडस झालं. तिचा हात हातात घेऊन म्हणालो, "ताई, लवकर बरी हो. आपण दोघं जाऊ कोलकात्याले. मी तिकिटं काढतो." तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली. मग हळूच म्हणाली, "मी बरी होत नाही हे माहीत आहे, म्हणूनच बोलून राहिला ना तू?" "नाही गं," मी म्हणालो. ती म्हणाली, "असू दे." त्यानंतर ती माझ्याशी पाणी दे, उशी सरकव, असंच बोलली.

गंगाबाई घाटावर, स्मशानात, फैजान आणि त्याची मंडळी आली होती. क्लबचा झेंडा घडी करून त्यानं छातीशी धरला होता. तो ताईच्या अंगावर घालावा असं त्याच्या मनात होतं, हे कोणालाही कळलं असतं. आमचे एक काका पुटपुटले, "हे काय नाटक आणलं?" फैजाननं माझ्याकडं पाहिलं. मी लाकडं मोजणाऱ्या माणसाकडं पाहत राहिलो. तो झेंडा तसाच घेऊन परत गेला. तिला जिवंतपणी एकदा आणि मेल्यावर एकदा, असं दोनदा मी अडवलं.

गेल्या शनिवारी त्या दोन क्लबांची लढत होती. गौरी सकाळी अमरावतीहून, सासऱ्यांकडून आली होती आणि आदल्या रात्रीच फैजानबरोबर बोलून, आपल्या सासऱ्यांना घेऊन पुढच्या वेळी कोलकात्याला जायचं ठरवून बसली होती. मी म्हणालो, "मीही येतो गं." ती म्हणाली, "नको बाबा. तुम्ही नका येऊ." आवाज चढवला नाही, आत्यावरच गेलेली. शांतपणे चहाचे कप उचलून आत गेली आणि संध्याकाळच्या बसनं निघून गेली.

साडेसातला मी दिवाणखान्यातला टीव्ही लावला. सामन्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून लावला. वंदना येऊन माझ्याशेजारी बसली. मला खेळ फारसा कळत नाही, पडद्यावर कोणत्या रंगातला क्लब ताईचा हे मला तिलाच विचारावं लागलं. ती सांगत गेली, हा नवा, हा मागच्या वर्षी जखमी होता, हा ताईंचा लाडका. मी तिच्याकडं पाहतच राहिलो. तुला कसं माहीत, म्हटलं. ती म्हणाली, "चार वर्षं आम्ही स्वयंपाकघरात माझ्या मोबाईलवर पाहत होतो. आवाज बंद करून. तुम्ही इथं बातम्या पाहायचे."

बरोबरी होती. शेवटची दहा मिनिटं उरली आणि वंदना उठून उभी राहिली. टीव्हीसमोर, पदर खोचून, हात कमरेवर ठेवून. "काय झालं?" मी विचारलं.

"ताई म्हणायच्या, शेवटची दहा मिनिटं तिथं कोणी बसत नाही. आपले लोक उभे असताना आपण काहून बसायचं? गॅसपाशी उभ्या राहून पाहायचो आम्ही दोघी."

मी खुर्चीचे हात धरून उठायला लागलो. वंदनानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

मी बसलो.