केवड्याची बाटली

स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला की बाई हात वर करायच्या. "थांबा, बोलू नका!" डोळे मिटून एक श्वास. "कारळ्याची चटणी. आणि सर, तुमच्या घरी आज डाळ खाली लागलीय." ती खरंच लागलेली असायची.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी रसायनशास्त्र. वासाच्या जनुकांबद्दल कुठेतरी वाचल्यापासून तर त्यांना दुसरा विषयच सुचेना. "शेकड्यांनी आहेत हो माणसात, पण निम्म्याहून जास्त मोडकी! कुणाचं कुठलं मोडकं, ते ज्याचं त्याचं वेगळं." दरवर्षी वर्गात बाटल्या मांडायच्या: वाळा, केवडा, हिंग, लवंग. एकीत नुसतं पाणी. पाण्याला वास आहे म्हणणाऱ्याची खैर नसे. नाही येत तर नाही म्हणा, लाज कसली, असं त्यांचं म्हणणं.

मग मालेगाव स्टँडच्या उतारावर त्या गाडीवरून पडल्या. डोक्याला मागून मार लागला. बऱ्या होऊन आल्या, पुन्हा डब्यांवर वाकू लागल्या. पण आता "छान, छान" एवढंच म्हणायच्या. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल.

त्या वर्षी बाटल्या मी भरल्या आणि वर्गात मांडून दिल्या. बाईंनी एक नाकाशी धरली. "अहाहा, केवडा!"

पुढच्या बाकावरच्या मुलीने ती हुंगली आणि चाचरत म्हणाली, "मॅडम, हे पाणी आहे."

तास संपल्यावर बाई बाकावर बसून राहिल्या. "जनुकं शाबूत आहेत, सर. नसाच तुटल्यात. पडल्यापासून काही म्हणजे काही येत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"लेक बाळंतपणाला आलीय. आमच्यात बारशाला आजीने बाळाची टाळू हुंगायची, मगच नाव ठेवायचं. मला काय कळणार हो?" आणि त्या रडल्या. रडणाऱ्या माणसाजवळ मला बसता येत नाही. तरी बसलो. फार वाईट वाटलं मला.

बारशाला बाईंनी सगळ्यांदेखत टाळू हुंगली, हसल्या. बायकांनी नाव ठेवलं. जेवणं आटोपल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि नात माझ्या हातात दिली.

"हुंगा. आणि नीट सांगा."

"खोबरेल," मी म्हणालो. "वावडिंगाची धुरी. जरासं दूध."

"अहो, ते सगळ्याच बाळांना येतं! हिचा सांगा."

मी पुन्हा हुंगलं. वास होता, त्या पोरीचा स्वतःचा होता. जन्मभर रसायनं हाताळली, पण शब्द सापडेना.

"नाही सांगता येत, मॅडम."

"पण येतो ना?"

"येतो."

बाईंनी नात परत घेतली, तिच्या टाळूवर नाक टेकवलं आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत उभ्या राहिल्या.