डेराबस्सीच्या बसच्या सहा मेंबर

बोर्डावर चार पिना तेवढ्या राहिल्या होत्या. यादी नव्हती.

आधी शिपायाला विचारलं. म्हटलं, साफसफाईत काढली असेल. तो म्हणाला, "नहीं जी, मैंने हाथ नहीं लगाया." म्हणजे कोणीतरी मुद्दाम काढून नेली होती.

यादी कसली ते सांगते. चंदीगडच्या एका मुलींच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. ह्यांची एअर फोर्समधली बदली, म्हणून साताऱ्याहून थेट तिकडे. कॉम्प्युटर मी कुठल्या क्लासात शिकले नाही. मॅन्युअल वाचून आणि मशीन शंभरदा अडकवून शिकले. लॅबमध्ये चार मशीनं, आणि संध्याकाळी चार ते साडेपाच मुलींचा क्लब. रजिस्टरवर चाळीस नावं, येणाऱ्या दहा. त्याही जवळच्या सेक्टरांतल्या. प्रिन्सिपल मॅडमनी बजावलं होतं, "मिसेस कुलकर्णी, टर्म संपेपर्यंत बाकीच्या दिसल्या नाहीत, तर दोन मशीनं ऑफिसला जातील."

मला राग आला तो न येणाऱ्या मुलींचा. नाव घालायचं आणि फिरकायचं नाही म्हणजे काय! मग मी हुशारी केली. रजिस्टर मशीनमध्ये भरलं आणि गैरहजर मुलींची यादी छापली. नाव, वर्ग, गाव, परतीची बस. बस कशाला, तर एका बसच्या मुलींनी एकमेकींना ओढून आणावं. कडेला भोकं असलेल्या त्या लांब कागदावर यादी काय सुरेख दिसत होती! नेऊन लावली गेटजवळच्या बोर्डावर. येणारा-जाणारा कोणीही वाचेल अशी.

दिवस कसले होते ते मला माहीत नव्हतं असं नाही. पंजाबात अतिरेक्यांनी बस अडवून माणसं मारल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. आम्ही स्वतः दिवेलागणीच्या आत दाराला कडी घालायचो. तरी यादी करताना डोक्यात फक्त यादीच.

मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं.

"म्हणजे कोणती मुलगी कोणत्या बसनं कुठं जाते, हे तुम्ही छापून गेटवर लावलंत?"

"हो मॅडम."

"आणि आता ते कोणाकडे आहे, माहीत नाही."

"नाही."

त्या ओरडल्या नाहीत. उठून आधी खोलीचं दार लावलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. "मी पोलिसांना फोन करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुलींना सांगा."

यादीतल्या मुलींना वर्गावर्गांत जाऊन सांगितलं. सगळ्यांत जास्त, सहा जणी, चंदीगडबाहेरच्या डेराबस्सीच्या होत्या, सगळ्या सव्वातीनच्या बसच्या. त्यांना शेवटी गाठलं. एक म्हणाली, "मैम, आज दूसरी बस से चले जाएँ?" दुसरी तिच्यावरच खेकसली, "दूसरी है कहाँ, यार!"

मी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. मी जाऊन काय करणार होते, देव जाणे. माझ्या शेजारी हरप्रीत, सगळ्यांत अबोल पोरगी, बॅग छातीशी गच्च धरून. नाक्यावर बस थांबली. शाल पांघरलेला एक माणूस चढला आणि नेमका आमच्या मागे बसला. मी मान वळवली नाही. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले. पुढच्या थांब्यावर तो उतरला, पिशवीतली फुलकोबी सांभाळत. सहाही जणी घरी पोचल्या. मी परत आले तेव्हा हे फाटकाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हरप्रीत लॅबमध्ये आली. बॅगेतून घडी काढून टेबलावर ठेवली. माझी यादी!

"मैम, पापा गेट तक छोड़ने आते हैं. पढ़ लेते कि शाम के क्लब में मेरा नाम है, तो कॉलेज ही छुड़वा देते."

"अगं, काल बसमध्ये का नाही बोललीस?" रागाच्या भरात मी मराठीतच ओरडले. तिला कळलं बरोबर.

"आप इतनी डरी हुई थीं मैम, मैं और डर गई."

तिला रागवावं की जवळ घ्यावं, कळेना. आधी मॅडमना आणि त्यांच्याकडून पोलिसांना निरोप धाडला. मग घडी उलगडली. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं अख्खा प्रोग्रॅम लिहिलेला. त्या महिन्यात लॅबच्या दारावर लावलेलं क्लबचं कोडं तिनं मशीनला हात न लावता, घरी बसून सोडवलं होतं. दोन चुका होत्या. मी टाइप केला, तिसऱ्या खेपेला चालला. हरप्रीत पडद्याकडे बघत उभीच राहिली.

तिथून क्लबची पद्धत बदलली. लांबच्या मुलींनी घरी कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, सकाळी लॅबबाहेरच्या पेटीत टाकायचा. जवळच्या दहा जणींनी संध्याकाळी तो मशीनवर चालवायचा. चुकांच्या खुणा करून छापील कागद दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत परत. कागदावर नाव नाही, गाव नाही, फक्त रोल नंबर. टर्म संपताना पेटीचं झाकण बसत नव्हतं. मॅडमनी येऊन पेटी पाहिली आणि मशीनांचा विषय पुन्हा काढला नाही.

ती यादी मी अजून ठेवली आहे. गैरहजर मुलींच्या नावांपुढे परतीची बस लिहिलेली आहे. एकही चारनंतरची नाही. क्लब चारला सुरू व्हायचा. तो कॉलम मीच भरला होता, फक्त वाचला नव्हता.