दहा काड्या

एल्मा कांगासची लाकडी अस्वलं हसत नाहीत. महामार्गावरच्या बाकी सगळ्या दुकानांतली हसतात, हातात स्वागताची पाटी धरतात. एल्माची अस्वलं रस्त्याकडे पाठ करून जंगलाकडे बघत बसतात. गिऱ्हाईक विचारतं, "ह्याचं तोंड इकडे नाही का करता येणार?" ती म्हणते, "तुम्हीच पलीकडे जाऊन उभे राहा की."

ती चौसष्ट वर्षांची आहे. चेनसॉने, इंजिनावरच्या करवतीने, लाकूड कोरते, तेही उघड्यावर आणि भर हिवाळ्यात. उन्हाळ्यात प्रवासी येतील तेव्हा माल तयार हवा. आमच्याकडे, सुपीरियर सरोवराच्या काठी, बर्फ नोव्हेंबरात येतो आणि एप्रिल संपला तरी हलत नाही. गोठलेल्या पाइनला करवत लागली की दगड कापल्यासारखा आवाज येतो. भुसा तोंडावर टोचतो.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परत आले आणि टपाल कचेरीत लागले. शनिवारी एल्माकडे ओंडक्यांची साल काढायला जाते. "ए पदवीवाली," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "साल कशी काढतात ते पुस्तकात नसतं वाटतं?" तिला बाई, मावशी असलं काही म्हटलेलं चालत नाही. नुसतं एल्मा.

तिची बोटं पांढरी पडतात. तीस वर्षं करवतीची थरथर, त्यावर थंडी. आधी टोकं, मग पेरं, पार मेणबत्तीसारखी. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, करवत सोडा, नाहीतर बोटांतली जाण कायमची जाईल. एल्मा त्यांना म्हणाली, "तुमचा चष्मा केवढा जाड झालाय. तुम्ही वाचायचं सोडलंत?"

मग तिने स्वतःचा नियम केला. रोज सकाळी टेबलावर आगपेटीतल्या दहा काड्या पसरायच्या. उजव्या हाताने एकेक उचलून पेटीत घालायची. दहाही उचलल्या तर काम. एक राहिली तर सुट्टी. कामातही दर वीस मिनिटांनी सौनात, अंगणातल्या गरम वाफेच्या खोलीत, जाऊन हात शेकायचे. सौनाची शेगडी अस्वलांच्या ढलप्यांवरच पेटते.

जानेवारीत एका शनिवारी तिने नऊ उचलल्या. दहावी नखाने ढकलत टेबलाच्या कडेला नेली आणि खाली पाडली.

"वाऱ्याने पडली," ती म्हणाली.

खिडक्या बंद होत्या. ती करवत घेऊन बाहेर गेली. मी घरी जाऊन तिच्या मुलाला फोन केला.

ट्रॉय सामुद्रधुनीवरच्या मोठ्या पुलापलीकडे, दक्षिणेला राहतो, सहा तासांवर. पुढच्या शनिवारी तो रिकामी पिकअप घेऊन आला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला.

"आई, करवती कुठायत?"

"आधी बूट काढ."

त्याने बूट काढले.

"पाचही घेऊन चाललोय. तूही चल. वरची खोली रिकामी आहे, उबदार आहे."

"आणि तिथे करू काय? तुझ्या हीटरकडे बघत बसू?"

"विणकाम कर. लोक करतात."

"ते काय पायांनी करतात का रे?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "फोन करायला पण पदवी लागते का गं?"

मी ताटलीतल्या वेलचीच्या पावाकडे बघत राहिले.

"डॉक्टर म्हणाले की..." ट्रॉयने सुरुवात केली.

"डॉक्टर राहू दे. दहा काड्या. एक जरी राहिली तर करवतींबरोबर मलाही गाडीत टाक. दहा झाल्या तर गुपचूप घरी जायचं. हा विषय परत नाही."

ट्रॉयने काड्या स्वतः पसरल्या. मुद्दाम लांब लांब.

तिने आधी कॉफीच्या कपाला हात लपेटले. मग सुरुवात केली. सहावी दोनदा निसटली. आठवी तिने दोन बोटांच्या बेचक्यात धरली. दहावीला तिने बोट जिभेला लावलं.

"हे चालणार नाही," ट्रॉय म्हणाला.

"कुठे लिहिलंय?"

काडी ओल्या बोटाला चिकटून वर आली. ती तिने पेटीत टाकली नाही. "हिने चूल पेटवते," म्हणाली आणि ओढली.

ट्रॉय खिडकीकडे वळला. बाहेर त्याच्या गाडीवर बर्फ साठत होता. त्याचे खांदे पडले होते.

एल्माने चुलीतल्या भूर्जाच्या सालीला काडी लावली. साल पेटली. काडी हातातच राहिली. ज्योत खाली आली, बोटाला भिडली. एल्मा मुलाच्या पाठीकडे बघून हसत होती. मला नख जळल्याचा वास आला. तिला काहीच कळलं नव्हतं.

मी पुढे होऊन फुंकर मारली.

"काय झालं?" ट्रॉयने वळून विचारलं.

एल्माने बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिने खूण केली नाही, विनवलं नाही. तिला ते येतच नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "चूल पेटली."

ट्रॉयने पावाचे दोन तुकडे खाल्ले, आईच्या गालाचा मुका घेतला आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

एल्मा कोट घालून माझ्यासमोर उभी राहिली. "बटणं लाव." असं तिने आधी कधी म्हटलं नव्हतं. मी गळ्यापर्यंत सगळी लावली. बोटाला मलम लावून पट्टी बांधली. मग तिने दोन्ही हातमोजे चढवले.

अंगणात करवतीच्या दोरीची मूठ चारही बोटांत अडकवून तिने झटका दिला. तिसऱ्या झटक्याला करवत सुरू झाली.

"वीस मिनिटं!" ती ओरडली. "घड्याळ तू बघ!"

मी बघत राहिले. सतरा मिनिटं झाली तेव्हा मी उठले आणि सौनाचं दार उघडून उभी राहिले.